फुल अँड फायनलमधून (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबातून) तेरा महिन्यांचा भत्ता एकदम कापतायत. परत द्यायला ना नाही, पण असा?

स्टोअर्सवाला_घणसोली

मंडळी, प्रकरण पैशाचं आहे, त्यामुळे आकडे येतील. जरा सोसून घ्या.

मी महापे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत स्टोअर्सला होतो. ११ जून २०१८ ला लागलो, ३१ जानेवारी २०२६ ला सुटलो. महिन्याची नोटीस दिली आणि पूर्ण भरली, खाडा नाही. आता तळोज्याला लागलोय.

आमच्याकडे रात्रपाळीला रात्रीमागे १४० रुपये मिळायचे. महिन्याच्या पंचवीस रात्री धरून माझ्या पगारात ३,५०० रुपये कायमचे बसवलेले होते. डिसेंबर २०२४ पासून मला जनरल शिफ्टला घेतलं. शिफ्ट बदलली, भत्ता मात्र येतच राहिला. स्लिपवर तो वेगळा दिसत नाही, ‘इतर भत्ते’ या एका ओळीत सगळं गुंडाळलेलं असतं. तरी मला शंका आली म्हणून एप्रिल २०२५ मध्ये मी एचआरला मेल टाकला की शिफ्ट बदलली आहे, भत्ता चालू दिसतोय, बघून घ्या. उत्तर आलं एका शब्दात: ‘नोटेड’. संपला विषय.

यंदा जानेवारीत कंपनीने पगाराचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं आणि त्यांनी पहिल्याच झटक्यात हे खणून काढलं. आता माझा हिशेबाचा कागद आलाय तो असा:

जानेवारीचा पगार ३८,००० (बेसिक आणि डीए मिळून २४,०००, घरभाडे ९,६००, बाकी इतर). अठरा दिवसांच्या शिल्लक रजेचे १६,६१५. ग्रॅच्युइटी सात वर्षांची ९६,९२३. एकूण १,५१,५३८.

कपात: पीएफ २,८८०, प्रोफेशनल टॅक्स २००, ‘जादा वेतन वसुली’ डिसेंबर २०२४ ते डिसेंबर २०२५, तेरा महिने, ४५,५००. आणि त्यावर व्याज ३,६४०. हातात ९९,३१८.

वर अशी अट की आधी ‘माझं कंपनीकडे कसलंही येणं नाही, पुढे कुठे दावा करणार नाही’ या कागदावर सही करायची, मग पंचेचाळीस दिवसांत पैसे. रिलीव्हिंग लेटरसुद्धा त्या सहीनंतरच. तळोज्याचे लोक रोज विचारतायत, लेटर कुठाय.

जे पैसे माझे नव्हते ते मला नकोत, हे मी एचआरला तोंडावर सांगितलंय. पण त्या तेरा महिन्यांत मे २०२५ चा अख्खा महिना मी रात्रपाळी केली आहे, आमचा एक जण गावी गेला होता म्हणून. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आसपास अकरा रात्री केल्या. त्याचे पैसे पण कापणार? आणि व्याज कसलं? चूक तुमची, मी कळवलेलं, आणि व्याज मी भरू?

हे असं एकदम सगळं कापता येतं का, एवढंच विचारायचंय. सही करू की नको?

—

कळवा_लोकल

अजिबात सही करू नको भावा. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, जादा दिलेला पगार कामगाराकडून वसूल करताच येत नाही. रफिक मसीह केस. एचआरच्या तोंडावर फेक, गप्प बसतील.

—

ठाणेकर_७०

आणि तेरा महिने पैसे घेताना बरं वाटलं ना? एक मेल टाकला की झालं? मी असतो तर दर महिन्याला ते ३,५०० बाजूला काढून ठेवले असते.

—

स्टोअर्सवाला_घणसोली

काका, अडतीस हजारात घणसोलीच्या वन आरकेचं भाडं आणि दोन पोरांची फी भागवून बाजूला काय ठेवायचं ते सांगा, मी ठेवतो. मेल टाकला, टाइम ऑफिसच्या माणसाला तोंडीही सांगितलं. यापुढे मी कंपनीचं पेरोल पण चालवायचं का?

—

पेरोलताई_ऐरोली

मी सतरा-अठरा वर्षं पगाराचंच काम करते, कंपनीच्याच बाजूला बसून. तेव्हा जे सांगते ते कामगाराची बाजू घेऊन नाही, कागद वाचून सांगते.

आधी कळवा_लोकल यांचं. रफिक मसीह निकाल डिसेंबर २०१४ चा. तो सरकारी कर्मचाऱ्यांचा आहे. कोर्टाने पाच प्रसंग सांगितले जिथे वसुली नको: वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ चुकीचे पैसे मिळत आलेले, चुकून वरच्या पदाचं काम करून घेऊन त्या पदाचा पगार दिलेले, आणि जिथे वसुली फारच अन्यायाची ठरेल असे. खासगी केमिकल कंपनीच्या एचआरपुढे तो फेकला तर ते हसतील आणि तुमच्या बाकीच्या चांगल्या मुद्द्यांकडेही बघणार नाहीत.

आता दादा, तुमचं. पूर्वी वेतन प्रदान अधिनियम १९३६ होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता २०१९ आली. तुम्ही त्यानंतर सुटलात, म्हणजे नवीन संहिता लागू. तिच्या कलम १८ मध्ये पगारातून काय काय कापता येतं त्याची यादी आहे, आणि ‘जादा दिलेल्या वेतनाचं समायोजन’ त्या यादीत आहे. जुन्या कायद्यातही होतं. म्हणजे कंपनीला कापायचा अधिकार आहे. तुमची परवानगी हवीच असं नाही. हे कडू वाटेल पण आधी गिळून टाका.

पण त्याच कलमात पुढे असंही आहे की एका वेतन कालावधीतली सगळी कपात मिळून त्या वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. ‘सगळी’ म्हणजे पीएफ, प्रोफेशनल टॅक्स आणि वसुली सगळं धरून. जानेवारीचे ३८,००० धरले तर निम्मे १९,०००. त्यातून पीएफ आणि पीटी मिळून ३,०८० गेले. उरले १५,९२०. जानेवारीच्या पगारातून ते जास्तीत जास्त एवढीच वसुली करू शकतात. बाकीची रक्कम बुडत नाही, ती दुसऱ्या मार्गाने मागता येते, पण शेवटच्या पगारावर बुलडोझर फिरवता येत नाही.

व्याजाचं म्हणाल तर त्याच कलमात व्याजाचा शब्द आहे, पण तो उचल म्हणजे ॲडव्हान्स दिला असेल त्याच्यासाठी. तुम्ही ॲडव्हान्स घेतला नव्हता. तुम्हाला चुकून पैसे आले, तेही तुम्ही कळवलेत. ३,६४० ला काही आधार नाही, तो आकडा एजन्सीच्या एक्सेलमधून आलेला वाटतो.

पंचेचाळीस दिवस ही कंपनीची सवय आहे, कायदा नाही. जुन्या कायद्यात मालकाने काढलं तरच दोन दिवसांत पैसे, असं होतं. संहितेच्या कलम १७ मध्ये राजीनामा पण आला. दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन द्यायचं. तुम्ही ३१ जानेवारीला सुटलात, तो शनिवार होता. सोमवार, मंगळवार मोजा.

आता खरी गंमत. तुमच्या ग्रॅच्युइटीचा आकडा मी पाहिला आणि चहा बाजूला ठेवला. ११ जून २०१८ ते ३१ जानेवारी २०२६ म्हणजे सात वर्षं आणि साडेसात महिन्यांच्या वर. शेवटच्या वर्षातला तुकडा सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर तो पूर्ण वर्ष धरतात. तुमची आठ वर्षं होतात. २४,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला १३,८४६. आठ वर्षांचे १,१०,७६९. त्यांनी तुम्हाला १३,८४६ कमी लावलेत. भत्त्यासाठी तेरा महिने मागे जाऊन चाळणी लावली आणि वर्षं मोजताना बोटं कमी पडली.

आणि ग्रॅच्युइटीतून वसुली करायची नसते. ती जप्त करण्याची कारणं ठरलेली आहेत: कंपनीचं नुकसान केलं म्हणून काढलेला माणूस, मारामारी, नैतिक अध:पतनाचा गुन्हा, असली. चुकून आलेला रात्रपाळी भत्ता त्यात बसत नाही. त्यामुळे कागदावर सगळं एकाच बेरजेत ओतून खाली एकच वजाबाकी केली आहे, त्यालाच आधी हरकत घ्या. तीन वेगळे रकाने मागा: वेतन, रजा, ग्रॅच्युइटी. कुठल्या रकान्यातून किती कापलं ते दिसलं पाहिजे.

रजेच्या पैशावर निम्म्याची मर्यादा लागते की नाही यावर वाद होऊ शकतो. तिथे मी तुम्हाला खात्री देणार नाही. तडजोड करायची तर तिथे करा.

—

रबाळे_कारखानदार

ताई, सगळं मान्य, पण एक बाजू आमचीही ऐका. माझं छोटं युनिट आहे, प्रेसची कामं. दोन वर्षांपूर्वी अकाउंटंटने बँकेत पगाराची फाइल चढवली, ती अडकली म्हणून परत चढवली. दोन्ही गेल्या. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी पैसे परत केले. एक पोरगा, हेल्पर, त्याने त्याच दिवशी पैसे काढले आणि गावाला. फोन बंद. महिन्याभराने उगवला तो हिशेब मागायला. त्याच्या राहिलेल्या पगाराच्या निम्म्यात मी काय कापणार? निम्म्याची मर्यादा चालू नोकरीत बरोबर आहे, माणसाचं घर चालायला हवं. पण सुटणाऱ्या माणसाचा तोच शेवटचा पगार असतो, त्यानंतर कापायला काही उरतच नाही.

आणि १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ आहे, चुकून पैसे मिळाले तर ते परत केलेच पाहिजेत. तो कायदा मालक-कामगार बघत नाही.

स्टोअर्सवाले भाऊ, तुमच्याबद्दल नाही म्हणत. तुम्ही मेल टाकलात, तुमच्यासारखे असतील तर आम्ही झोपू शांत. पण कंपनीने नोटीसच्या महिन्यात बसवून सांगायला हवं होतं. मी आता तेच करतो. राजीनामा आला की त्याच आठवड्यात त्याचा सगळा हिशेब काढतो. ॲडव्हान्स, गणवेश, कॅन्टीन, जे असेल ते. त्याच्यासमोर मांडतो आणि दोघांच्या सह्या. शेवटच्या दिवशी आश्चर्य नको, त्यालाही आणि मलाही.

—

पेरोलताई_ऐरोली

दादा, तुमच्या हेल्परसाठी कोर्टात जायचा खर्च त्या रकमेपेक्षा जास्त झाला असता, हे मला माहीत आहे. कायदा तुमच्या बाजूचा असून उपयोग नाही, असं होतं कधी कधी. पण इथे कंपनीच्या पेरोलने तेरा वेळा तोच आकडा चढवला आणि एकदाही मस्टरशी ताडून पाहिला नाही. ती चूक एका रात्रीची नाही.

स्टोअर्सवाले, तुमच्या मे आणि ऑक्टोबरच्या रात्री कशावरून सिद्ध करणार? पंचिंग आहे का?

—

स्टोअर्सवाला_घणसोली

ताई, ग्रॅच्युइटीचं वाचून मी बायकोला उठवलं. तिने आधी मोबाइलवर तारखा मोजल्या आणि मगच विश्वास ठेवला.

पंचिंगचं सांगतो. मे महिना स्वच्छ आहे, शिफ्ट शेड्यूलवर माझं नाव रात्रपाळीला छापलेलं आहे, त्याचा फोटो आहे. ऑक्टोबरचा घोळ आहे. तेव्हा माझी ड्युटी सिस्टिमला जनरलच होती, रात्री बदली म्हणून जायचो. रात्री दहा पन्नासला इन, सकाळी सात दहाला आउट. मशिनला कळत नाही, ते दोन तारखांत तोडतं. पहिल्या दिवशी ‘आउट नाही’, दुसऱ्या दिवशी ‘इन नाही’. टाइम ऑफिसवाला दर आठवड्याला हाताने दुरुस्त करायचा आणि करताना सगळ्यांना जनरल शिफ्ट ‘हजर’ टाकून मोकळा व्हायचा. त्यामुळे सिस्टिमला माझ्या अकरा रात्री दिवसाच्या झाल्या आहेत.

पण गेटवर सिक्युरिटीची वही असते. रात्री दहानंतर येणाऱ्याने त्यात वेळ लिहून सही करायची. ती वही कंपनीकडे असणार.

—

निवृत्त_नाना

मी चाळीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात काढली, त्यातली बरीच युनियनमध्ये. गेटची वही म्हणजे सोनं आहे. मशिन खोटं बोलतं, वॉचमन बोलत नाही, कारण त्याला खोटं बोलून काही मिळत नाही. लेखी मागा. ‘ऑक्टोबर २०२५ ची रात्रीची आवक नोंदवही दाखवावी’ असं. नाही दाखवली तर ती नाही दाखवली हेच तुमच्या बाजूने जातं.

कळवा_लोकल यांनी सांगितलेला निकाल सरकारी माणसाला किती उपयोगी पडतो तेही सांगतो. माझा मेहुणा एका सरकारी कार्यालयात कारकून होता. निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी पत्र आलं की वेतननिश्चितीत चूक झाली होती, अमुक लाख परत करा, पेन्शनमधून कापतो. वर्ग तीन आणि वर निवृत्त. दोन्ही अटींत बसत होता. वकिलाने एक पत्र लिहिलं, सोबत तो निकाल लावला, वसुली थांबली. पण त्यातही फट आहे. वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा दिलं असेल तर परत करीन’ असं हमीपत्र लिहून दिलं असेल तर तो निकाल तुम्हाला वाचवत नाही. २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं. खासगीतही अशी ओळ नेमणूक पत्रात बारीक अक्षरात असते. भाऊ, तुमचं नेमणूक पत्र काढून वाचा. कधी उघडलं नसेल ते.

आणि सहीचं. ‘माझं काही येणं नाही’ या कागदावर सही करायची वेळ आलीच तर सहीच्या वर हाताने लिहा: ‘हरकत राखून, रक्कम मान्य नाही, फक्त पोच म्हणून’. पेनाने, त्यांच्यासमोर. आणि लगेच फोटो काढा. ते बहुतेक तो कागद परत घेतील आणि तुम्हाला आठवड्याने या म्हणतील. तेव्हा समजायचं की मुद्दा लागला.

ठाण्याला कामगार उपायुक्त कार्यालय आहे, तिथे सरकारी कामगार अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावून समोरासमोर बसवतात. पूर्वी या दाव्यांना पगाराची मर्यादा होती, २०१७ पासून महिना २४,००० ची. तुमचा पगार त्यावर असल्याने तुम्हाला कुणी दारातही घेतलं नसतं. संहितेत ती मर्यादा राहिली नाही. मुदतही आता तीन वर्षांची आहे, पूर्वी वर्षभराची होती. दावा मान्य झाला तर रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई द्यायला सांगता येते. एवढी देतीलच असं नाही, पण एचआरला ‘दहा पट’ हे दोन शब्द वाचून घाम फुटतो एवढं मी पाहिलंय.

—

ठाणेकर_७०

मी आधी जे लिहिलं ते जरा तिखट झालं. ग्रॅच्युइटीचा घोळ पाहून माझं मत बदललं. ज्याला स्वतःची आठ वर्षं सात वाटतात त्याने दुसऱ्याकडून व्याज मागू नये. बाकी ते ४५,५०० तुम्ही परत करायलाच हवेत, यावर मी ठाम आहे.

—

पेरोलताई_ऐरोली

४५,५०० नाही काका. मेचे ३,५०० आणि ऑक्टोबरचे अकरा गुणिले १४०, म्हणजे १,५४०. हे ५,०४० त्याने कमावलेत. खरा आकडा ४०,४६०.

दादा, पत्र असं लिहा. माझ्या शब्दांत देते, तुमच्या नावाने आणि तारखेने घाला. वकिली भाषा नको, एचआरला समजली पाहिजे:

‘आपला अंतिम हिशेबाचा कागद मिळाला. डिसेंबर २०२४ ते डिसेंबर २०२५ या काळात मला रात्रपाळी भत्ता चुकून सुरू राहिला, हे मला मान्य आहे. एप्रिल २०२५ मध्ये मी ते मेलने कळवलं होतं (प्रत सोबत). मे २०२५ आणि ऑक्टोबर २०२५ मधल्या माझ्या प्रत्यक्ष रात्रपाळ्या वजा करून महिनावार तक्ता द्यावा. त्यासाठी गेटची नोंदवही पाहावी. वसुलीवर व्याज लावू नये. माझी सेवा सात वर्षे सात महिन्यांहून जास्त असल्याने ग्रॅच्युइटी आठ वर्षांची काढावी आणि त्यातून वसुली करू नये. वेतन संहितेच्या कलम १८ प्रमाणे जानेवारीच्या वेतनातली एकूण कपात निम्म्यापर्यंत ठेवावी. उरलेली रक्कम कशी द्यायची ते मी लेखी ठरवायला तयार आहे. रिलीव्हिंग लेटर हिशेबाच्या वादाशी न जोडता द्यावं.’

शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं. ‘द्यायला तयार आहे’ हे लिहिलंत की तुम्ही बुडवे नाही हे कागदावर आलं. मेल पाठवा आणि पोस्टानेही पाठवा, पोचपावतीसकट.

एक गोष्ट तुम्हाला लागू नाही पण वाचणाऱ्यांसाठी. ज्यांच्या पगारातून टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा इन्कम टॅक्स, जातो त्यांनी बघा की कंपनी किती परत मागते. समजा एक लाख जादा आले, पण टॅक्स कापून हातात सत्तर हजारच आले, आणि आता कंपनी लाख मागते. त्याच आर्थिक वर्षात असेल तर कंपनीने पुढच्या टीडीएसमध्ये ते जुळवून द्यावं, मग प्रश्न नाही. मार्च उलटून गेला की मग फॉर्म सोळा, रिटर्न, सगळीच डोकेदुखी. स्टोअर्सवाल्यांचं उत्पन्न करपात्र मर्यादेत येतच नाही, ते सुटले.

—

स्टोअर्सवाला_घणसोली

नेमणूक पत्र काढलं. सहाव्या पानावर ओळ आहे: ‘चुकीने दिलेली रक्कम कंपनी समायोजित करू शकेल.’ व्याजाबद्दल एक अक्षर नाही. नाना, तुमचं बरोबर, ते पत्र मी लागलो त्या दिवसानंतर पहिल्यांदा उघडलं. आत जुना पासपोर्ट फोटो सापडला, केस होते तेव्हाचा.

ताईंचं पत्र पाठवलं. बघू.

—

स्टोअर्सवाला_घणसोली

कळवायचं राहिलं होतं. आज हिशेब झाला.

पत्र गेल्यावर आठवडाभर काही नाही. मग एचआर मॅनेजरने स्वतः फोन केला, भेटायला बोलावलं. एजन्सीची एक मुलगी पण होती, लॅपटॉप घेऊन. व्याज तिने पहिल्याच मिनिटाला काढलं, म्हणाली टेम्प्लेटमध्ये ॲडव्हान्सची ओळ होती ती कॉपी झाली. ताईंनी एक्सेल म्हटलं होतं, अगदी तसंच. ग्रॅच्युइटीवर मॅनेजर आधी म्हणाले, ‘पूर्ण झालेलीच वर्षं धरतात.’ मी म्हटलं, तुमच्याच वकिलाला फोन लावा. त्यांनी लावला, बाहेर जाऊन बोलले, आत आले आणि म्हणाले आठ.

गेटची वही आली. भिजलेली, पानं चिकटलेली. ऑक्टोबरची पानं मी आणि ती मुलगी मिळून सोडवत बसलो. दहा रात्रींच्या सह्या सापडल्या, एक सापडेना. त्या रात्री पाऊस होता की वॉचमनची वही आत होती, देव जाणे. मी म्हटलं, सोडा ते १४०. त्यामुळे वसुली ४०,६०० ठरली.

जानेवारीच्या पगारातून १५,९२० कापले, हातात बरोबर १९,००० आले. ग्रॅच्युइटीचे १,१०,७६९ वेगळे, अख्खे. रजेचे १६,६१५ वसुलीत वळवायला मी स्वतः लेखी होकार दिला, कारण ताई म्हणाल्या तसं तिथे भांडण्यात अर्थ नव्हता. उरलेले ८,०६५ मी मार्च आणि एप्रिलच्या पगारातून दोन हप्त्यांत देणार, तसा कागद झाला, दोघांच्या सह्या. ‘काही येणं नाही’ वाला कागद त्यांनी बदलला, आता त्यात या हिशेबाचा उल्लेख आहे. रिलीव्हिंग लेटर तिथेच दिलं.

कारखानदार भाऊ, मॅनेजरला मी तुमची पद्धत सांगितली, नोटीस आली की त्याच आठवड्यात हिशेब मांडायचा. म्हणाले, आयडिया चांगली आहे.

—

रबाळे_कारखानदार

म्हणजे करणार नाहीत.

—

पनवेल_पोरगी

माझं पण असंच आहे, जॉइनिंग बोनस दिला होता, वर्षाच्या आत सोडते म्हणून परत मागतायत. हीच निम्म्याची मर्यादा लागेल का?

—

पेरोलताई_ऐरोली

बाळा, ते वेगळं. तुझे पैसे चुकून आलेले नाहीत, अटीवर दिलेले आहेत. ऑफर लेटरमधली ती अट शब्दशः टाकून वेगळा धागा काढ, तिथे बोलू. शेवटच्या पगारातून कापायला गेले तर निम्म्याचा मुद्दा तिथेही काढता येईल, पण आधी अट वाचू दे.

स्टोअर्सवाले, सगळं झालं पण एक बघा. पीएफच्या पोर्टलवर कंपनीने तुमची सोडल्याची तारीख टाकली का? ती टाकल्याशिवाय जुना पीएफ तळोज्याच्या खात्यात वळवताना अडतं. नाही टाकली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून यूएएनमधून (पीएफच्या कायमच्या नंबरच्या लॉगिनमधून) तुम्हाला स्वतःला टाकता येते.

—

स्टोअर्सवाला_घणसोली

आत्ताच बघितलं. टाकलेली नाही.